कपाटातलं व्हायोलिन आणि कपाटाबाहेरचे वादक

प्रश्न थोडक्यात असा आहे. स्थानिक इतिहासाचं एक छोटं संग्रहालय. मुख्य दालन १४ मीटर लांब, ९ मीटर रुंद, ५ मीटर उंच. दगडी फरशी, गिलाव्याच्या भिंती, कडेने काचेची कपाटं. तिथे ७८ वर्षांच्या एका व्हायोलिनवादकांना बोलवायचं ठरलंय. उमेदीच्या काळात ते त्याच परिसरात समारंभांत आणि नाटकांच्या साथीला वाजवायचे. विचारणाऱ्या बाई तिथे स्वयंसेवक आहेत आणि त्यांना चार गोष्टी हव्यात: माईक लावावा का, माणसं किती बसवावीत, वस्तूंना काही धोका आहे का, आणि संग्रहातलं शंभरेक वर्षांचं व्हायोलिन त्यांच्या हातात द्यावं का. शेवटच्या गोष्टीसाठी समितीतले लोक फार उत्सुक आहेत, असंही त्यांनी लिहिलंय.

मी आधी साथीला वाजवायचो, पुढे ध्वनिव्यवस्थेकडे वळलो, आणि गेली वीसेक वर्षं नाट्यगृह नसलेल्या जागांत कार्यक्रम उभे करतोय. त्यामुळे उत्तर आधी देऊन टाकतो, कारणं मागाहून. माणसं साठ, एकही जास्त नाही. वाजवण्याला माईक नको, बोलण्याला हवा. जुनं व्हायोलिन कपाटातच राहू द्या. आणि ठरलेल्या वेळातला निम्मा वेळ त्यांच्या बोलण्यासाठी मोकळा ठेवा. तुमच्या पत्रात या शेवटच्या मुद्द्याचा उल्लेखही नव्हता, पण माझ्या लेखी बाकी सगळी तयारी त्याच्यासाठीच आहे.

आधी दालन. संग्रहालय आणि घुमणारा आवाज यांचं नातं जुनं आहे. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातल्या फॉग कलासंग्रहालयाचं नवं व्याख्यानगृह उघडलं आणि तिथे बोललेलं काही कळेचना. उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा, तेवढ्यात वक्ता पुढचं वाक्य संपवून मोकळा. वॉलेस सबाइन नावाच्या तरुण भौतिकशास्त्रज्ञाकडे हे काम आलं. शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांवरच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, ऑर्गनची एक नळी वाजवायची, आवाज विरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजायचं, आणि सकाळच्या आत गाद्या परत नेऊन ठेवायच्या, असे त्याचे प्रयोग चालत. त्यातून जे सूत्र निघालं ते आजही आम्ही वापरतो: दालनाचं घनफळ घ्या, ०.१६१ ने गुणा, आणि दालनातल्या एकूण शोषणाने, म्हणजे भिंती, फरशी, माणसं मिळून जेवढा आवाज परत न पाठवता गिळतात त्याच्या मापाने, भागा.

तुमच्या दालनाला ते लावून पाहू. घनफळ ६३० घनमीटर. फरशी, छत, भिंती मिळून ४८२ चौरस मीटर. दगड, गिलावा आणि काच हे सगळं आवाज परतवणारं, म्हणून सरासरी शोषण ५ टक्के धरलं तर एकूण शोषण २४ येतं आणि आवाज विरायला सव्वाचार सेकंद लागतात. आता साठ माणसं बसवा. कपडे घातलेला, खुर्चीत बसलेला माणूस मधल्या पट्टीतल्या सुरांना साधारण ०.४५ चौरस मीटर शोषण देतो. साठांचे झाले २७. म्हणजे एकूण ५१, आणि घुमण्याचा काळ सव्वाचारवरून दोन सेकंदांवर. व्हायोलिनला दोन सेकंद म्हणजे चैन आहे. तुमचे श्रोतेच तुमचे पडदे आहेत, वेगळे आणायला नकोत.

याची एक बाजू मात्र लक्षात येत नाही. तालीम रिकाम्या दालनात होते. ज्येष्ठ वादक सकाळी येतात, दोन ओळी वाजवतात, सूर एकमेकांत मिसळून चिखल होतो, आणि ते मनातल्या मनात ठरवतात की इथे जलद काही वाजवायचं नाही. संध्याकाळी दालन भरतं, सगळं स्वच्छ ऐकू यायला लागतं, पण त्यांनी तोवर यादी बदललेली असते. एका ठिकाणी असंच झालं आणि आम्ही दीड तास नुसत्या संथ चाली ऐकल्या. तेव्हापासून मी तालमीच्या वेळी खुर्च्या मांडून त्यांच्यावर जाड गोधड्या आणि रजया टाकून ठेवतो. गादीच्या खुर्च्या मिळाल्या तर उत्तमच, कारण मग रिकामं आणि भरलेलं दालन यांतला फरक कमी होतो. आणि वादकांना आधीच स्पष्ट सांगा: संध्याकाळी याच्या निम्मंसुद्धा घुमणार नाही.

बसवण्याची दिशा. बहुतेक जण सवयीने दालनाच्या अरुंद टोकाला मंच करतात आणि रांगा मागे मागे नेतात. तुम्ही लांब भिंतीच्या मधोमध त्यांना बसवा. मग शेवटची रांगही सहा-सात मीटरच्या आत येते आणि सगळ्यांना गज दिसतो. त्यांच्या पाठीशी मीटरभरावर उघडी भिंत असू द्या, तिथे कापडी फलक लावू नका. भिंत आवाज पुढे ढकलते, आणि वादकाला स्वतःचं वाजवणं परत ऐकूही येतं. खुर्ची नक्की कुठे ठेवायची ते ठरवण्याआधी तिथे उभं राहून एक जोराची टाळी वाजवा. टाळीपाठोपाठ पत्र्यासारखी टर्रर्र ऐकू आली तर समोरासमोरची भिंत आणि काच आवाज एकमेकींकडे टोलवतायत असं समजा. खुर्ची हातभर सरकवून किंवा थोडी तिरकी करून पुन्हा टाळी. हे काम फुकट होतं आणि त्याला कुठलंही यंत्र लागत नाही.

आता माईक. दोन सेकंदांचं घुमणं संगीताला मानवतं, बोलण्याला नाही. बोललेलं नीट कळायला ते एक सेकंदाच्या आसपास असलं तर बरं. तुमच्या दालनात साठ माणसं असतानाही वादकापासून जेमतेम मीटरभराच्या पलीकडे थेट आवाजापेक्षा भिंतींवरून आलेला आवाज जास्त होतो. व्हायोलिनचं त्याने काही बिघडत नाही, उलट ते भरून येतं. व्हायोलिन जवळून ८० ते ९० डेसिबल आवाज करतं, साठ माणसांना ते पुरून उरतं. पण ७८ वर्षांच्या माणसाचं, थोडं खालच्या आवाजातलं, आठवत आठवत केलेलं बोलणं मात्र तिसऱ्या रांगेतच पुसट होतं. म्हणून बोलण्यासाठी कॉलरला लावायचा छोटा माईक आणि दोन सडपातळ उभे स्पीकर. ते मंचावर नकोत. श्रोत्यांच्या दोन बाजूंना, कानाच्या उंचीवर, अगदी हळू आवाजात. मोठा स्पीकर दूर ठेवून आवाज वाढवला की तो आवाज भिंतींना जागा करतो, शब्द काही स्पष्ट होत नाहीत. वाजवणं सुरू झालं की कॉलरचा माईक बंद. त्यासाठी एक माणूस नेमा. त्याला संध्याकाळभर एवढंच काम.

यात मी स्वतः एकदा सपशेल चुकलोय. सुरुवातीच्या वर्षांत एका दालनात हौसेने मोठी यंत्रणा लावली, व्हायोलिनच्या घोडीलाही, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या लाकडी पट्टीलाही, माईक. टाळ्या खूप पडल्या. निघताना त्या वृद्ध वादकांनी फक्त एवढंच विचारलं की आपण आज कसं वाजवलं, कारण त्यांना स्वतःचं काही ऐकूच आलं नव्हतं. पन्नास-साठ वर्षं जो आवाज हनुवटीतून हाडात शिरलाय तो त्या दिवशी त्यांच्यापासून तोडला गेला होता. स्पीकरमधून येणारं वाजवणं त्यांना दुसऱ्याच कुणाचं तरी वाटत होतं.

वयाने कान जातात ते वरच्या पट्टीपासून. व्यंजनं आधी हरवतात, स्वर राहतात. म्हणून अशा माणसाला आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाही, आणि घुमणाऱ्या दालनात हे दुप्पट होतं. श्रोत्यांतून कुणी प्रश्न विचारला तर शेजारी बसलेल्या संवादकाने तो त्यांच्याकडे तोंड करून, सावकाश, पुन्हा सांगायचा. ओरडायचं नाही. संवादकाच्या तोंडावर प्रकाश हवा, कारण ते ओठही वाचत असतात, कबूल करत नसले तरी. खुर्ची हात नसलेली, न डुगडुगणारी, आणि त्यांनी स्वतः बसून पसंत केलेली. मंच केलाच तर एकच पायरी, तिला कठडा. बसायची खोली दालनाला लागून हवी आणि उबदार हवी. गार बोटांनी तार दाबून बघा म्हणजे कळेल. वेळ त्यांना विचारून ठरवा. संध्याकाळी सात ही आयोजकांची आवडती वेळ असते, पण या वयातल्या अनेकांचे हात दुपारी चांगले चालतात. वीस-वीस मिनिटांचे दोन भाग आणि मध्ये गप्पा, एवढं पुरे.

आणि कृपा करून स्वागताची भाषणं आवरा. नमनालाच घडाभर तेल जाळलं की तोवर वाद्य उतरतं, बोटं गार होतात आणि माणूस थकतो. मान्यवरांना बोलायचंच असेल तर शेवटी बोलू द्या.

वाद्य उतरतं हे नुसतं म्हणायला म्हटलेलं नाही. साठ माणसं नुसती बसली तरी प्रत्येकी साधारण १०० वॅट उष्णता देतात, म्हणजे एक किलोवॅटचे सहा हीटर सुरू केल्यासारखं. शिवाय श्वास आणि घामातून माणशी तासाला ५० ग्रॅमच्या आसपास पाणी हवेत जातं. साठांचे तीन लिटर. तापलेल्या तारा सैलावतात आणि सूर खाली येतो. साथीला बासरी किंवा क्लॅरिनेट असेल तर तिचं उलट. नळीतली हवा तापली की तिचा सूर चढतो. एकाच खोलीत एक वाद्य खाली, दुसरं वर, आणि दोघंही समोरच्याकडे संशयाने बघतायत, हे दृश्य मी किती वेळा पाहिलंय! म्हणून दुसऱ्या भागाआधी सूर जुळवायला पाच मिनिटं कार्यक्रमपत्रिकेत लिहूनच टाका, त्यात संकोच नको. वाद्य तासभर आधी दालनात आणा, आणि बाहेर गारठा असेल तर पेटी लगेच उघडू नका. गार लाकडावर दमट हवा बसली की दव धरतं.

त्याच तीन लिटर पाण्याचा वस्तूंशीही संबंध आहे. २० अंशांना घनमीटरभर हवेत जास्तीत जास्त १७ ग्रॅम बाष्प मावतं. आर्द्रता ५० टक्के असेल तर साडेआठ ग्रॅम आधीच आहे. दारं-खिडक्या घट्ट बंद ठेवल्या तर तासाभरात आणखी पावणेपाच ग्रॅम, म्हणजे पाऊणशे टक्क्यांच्या वर. हा कागदावरचा हिशेब झाला. प्रत्यक्षात फटींतून हवा जाते, गिलावा थोडं ओढून घेतो, खोली तापल्यामुळे टक्केवारीही थोडी खाली येते. पण दिशा तीच. घट्ट बंद कपाटांमधल्या वस्तूंना दोन तासांत फारसं काही होत नाही. भिंतीवर उघडी लावलेली चित्रं, लाकडी मुखवटे, चामड्याची वस्तू यांची काळजी करायची. साठांची मर्यादा मी म्हणतो ती यासाठीही. १२६ चौरस मीटरमधून कपाटं, वादकांची जागा आणि बाहेर पडायच्या वाटा वजा केल्या की उरतं तेवढ्यात दाटीवाटीने नव्वद बसतील, पण मग कुणीतरी काचेला पाठ टेकणारच. मध्यंतरात दारं उघडा, आणि आर्द्रता नोंदवणारं छोटं यंत्र आदल्या दिवसापासून चालू ठेवा.

कंपनांबद्दल लोकांना व्हायोलिनची भीती वाटते. तो धोका नगण्य आहे. काळजी करायची ती पायांची आणि खर्जाच्या स्पीकरची. मँचेस्टरच्या संग्रहालयात २०१३ साली एक प्राचीन इजिप्शियन पुतळा कपाटातल्या कपाटात आपोआप फिरतो म्हणून गाजावाजा झाला होता. शापापर्यंत चर्चा गेली. कारण निघालं ते असं: पुतळ्याचा तळ किंचित फुगीर, आणि रस्त्यावरची वाहनं व येणाऱ्या-जाणाऱ्यांची पावलं यांची बारीक कंपनं त्याला कणाकणाने वळवत होती. तेव्हा साठ माणसं एकदम उठून टाळ्या वाजवत पाय आपटू लागली तर काचेच्या फळीवरची गुळगुळीत बुडाची बरणी काय करेल याचा विचार करा. अभिरक्षकांना, म्हणजे वस्तू सांभाळणाऱ्यांना, सांगून अशा वस्तू आठवडाभर आधी खालच्या फळीवर घ्यायला लावा किंवा काढून ठेवा. कपाट उघडायचं ते त्यांनीच, कार्यक्रमाच्या धावपळीत स्वयंसेवकांनी नव्हे.

राहिली काचांची थरथर. प्रत्येक सैल काचेचा एक लाडका सूर असतो. तो सूर आला की ती झंकारते, आणि तो नेमका हळुवार जागीच येतो. तालमीच्या वेळी वादकांना खालच्या तारेपासून वरपर्यंत प्रत्येक सूर लांब खेचायला सांगा. दोघांनी कपाटांवर हात ठेवून फिरायचं. जिथे बोटांना गुदगुल्या होतील तिथे काच आणि चौकट यांच्या फटीत नमद्याची पातळ पट्टी सरकवायची.

प्रकाशाचं गणित लवकर आटोपतो. कापड, कागद, रंगवलेल्या वस्तूंवर ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेडाचं माप) जास्त उजेड नको, हे संग्रहालयवाल्यांना माहीतच असतं. मंचावरचा झोत भटकून अशा कपाटावर पडला आणि तिथे १००० लक्स झाले तर दोन तासांत त्या वस्तूने ५ दिवसांचा, रोज ८ तास धरून, उजेड खाल्ला. दिवे वादकाकडेच वळवा आणि जवळच्या कपाटांवर गडद कापड टाका. खाणंपिणं दालनाबाहेर.

आता त्या जुन्या व्हायोलिनकडे येतो. समितीची इच्छा मला कळते. छायाचित्र छान येईल. पण चार तारा सुरात लावल्या की त्यांचा मिळून ताण २० ते २५ किलोंच्या घरात जातो, आणि तो त्या पातळ लाकडावर सतत बसतो. वर्षानुवर्षं तारा सैल असलेल्या वाद्यात सांधे जोडणारा सरस वाळलेला असतो, आतला ध्वनिस्तंभ (पुढच्या आणि मागच्या फळीमधली छोटी उभी काडी) सरकलेला किंवा पडलेला असतो. ते एका संध्याकाळसाठी ताणायचं म्हणजे शंभर वर्षं अंथरुणावर असलेल्याला धावायला लावणं. जगभरच्या संग्रहालयांच्या संघटनेच्या वाद्यविषयक समितीने १९८५ मध्येच यावर शिफारशी लिहिल्या आहेत. त्यांचा कल असा की वाद्य वाजवून पाहणं हा हक्क नाही, प्रत्येक वाद्यामागे वेगळा विचार करून घ्यायचा निर्णय आहे, आणि शक्य तिथे नक्कल वापरावी.

दोन्ही बाजूंची उदाहरणं आहेत. सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १८१३ साली बनवलेली, अध्यक्ष मॅडिसन यांची काचेची बासरी गायिका लिझो यांच्या हाती दिली. पहारा होता, जाणकार सोबत होते, मंचावर मोजकेच सूर वाजले, आणि बासरी सुखरूप परत गेली. त्यामागे मोठी संस्था आणि पूर्वतयारी होती. दुसरीकडे एका गिटार कंपनीच्या संग्रहालयाने १८७० च्या दशकातली गिटार चित्रीकरणासाठी दिली. तोडायच्या दृश्याआधी तिच्या जागी नक्कल ठेवायची होती. ते राहून गेलं आणि नटाने खरीच गिटार फोडली. त्यानंतर त्यांनी चित्रपटांना वाद्यं देणं बंद केलं. इटलीतल्या क्रेमोना शहराने आणखी वेगळी वाट काढली. २०१९ च्या सुरुवातीला पाच आठवडे तिथल्या संग्रहालयातल्या जुन्या तंतुवाद्यांचा एकेक सूर ध्वनिमुद्रित झाला, आणि तेवढा काळ आसपासचे रस्ते बंद ठेवून महापौरांनी लोकांना शांत राहायला सांगितलं. वाद्यं एक दिवस वाजवण्यापलीकडे जातील, तेव्हा निदान त्यांचा आवाज हाताशी असावा म्हणून.

तुमच्याकडे वाद्यतज्ज्ञ कारागीर नाही आणि कार्यक्रमाला महिनाच आहे. तर ते व्हायोलिन कपाटातून काढून, कापड अंथरलेल्या टेबलावर, हातमोजे घातलेल्या अभिरक्षकांच्या हातात असू द्या, आणि वादकांना ते जवळून बघू द्या. त्यांना काय दिसतं ते बघा. हनुवटीखालचं वॉर्निश कुठे गेलंय, कुठली खुंटी नंतर बदलली, गळ्यावर अंगठ्याची झीज किती, यावरून जुना वादक त्या वाद्याची निम्मी कुंडली मांडतो. मग ते स्वतःच्या व्हायोलिनवर वाजवतील आणि सगळ्यांना तेच हवं आहे.

मी ज्याला निम्मा वेळ म्हणतो तो हा. एका संग्रहालयात तीन दातांचा, काळ्या लाकडाचा, बोटाएवढा तुकडा ‘केसांची लहान फणी’ अशी चिठ्ठी लावून कपाटात होता. कार्यक्रमाआधी फेरफटका मारताना एका वृद्ध वादकांनी तो पाहिला आणि हसले. तो व्हायोलिनच्या घोडीवर बसवायचा, आवाज दाबायचा चिमटा होता. नाटकात पात्र हळू बोलायला लागलं की तो लावायचा, हेही त्यांनीच सांगितलं. कित्येक वर्षं ती वस्तू चुकीच्या कपाटात पडून होती. वस्तू सापडते, नोंद होते, पण ती कुठल्या क्षणी हातात यायची हे सांगणारा माणूस कपाटात ठेवता येत नाही.

म्हणून प्रश्न तयार ठेवा, आणि ‘तुमचा प्रवास सांगा’ हा प्रश्न फाडून टाका. त्याला प्रत्येकाकडे घोटीव उत्तर असतं. त्याऐवजी परिसराचा जुना नकाशा समोर ठेवा आणि विचारा, वाद्य घेऊन कुठून कुठे चालत जायचात? जुनं छायाचित्र द्या: यातले पैसे कोण वाटून द्यायचं? पावसात तारा उतरल्या की काय करायचात? दहा ते तीस या वयातल्या आठवणी माणसाकडे सगळ्यांत दाट असतात, तिथे खोदा. उत्तर अडलं तर शब्दांनी मदत करू नका, त्या काळातली एखादी चाल वाजवायला सांगा. बोटं सुरू झाली की नावं बाहेर पडतात. सालं चुकतील. मंचावर दुरुस्त करू नका, नंतर तपासा. आणि चुकीचं सालही नोंदीत तसंच राहू द्या, शेजारी दुसरं लिहा.

हे सगळं मुद्रित करा. दोन माईकची जोडी वादकांपासून अडीच-तीन मीटरवर, शिवाय कॉलरचा माईक वेगळ्या ट्रॅकवर. मुद्रणाचा दर्जा ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, आकार कमी करायला न दाबलेली फाइल, आणि तिच्या तीन प्रती तीन जागी. फोनवर काढलेला व्हिडिओ ही आठवण झाली, नोंद नव्हे.

परवानगी मात्र आधी घ्या, कार्यक्रम झाल्यावर टाळ्यांच्या भरात नाही. १९६१ च्या रोम करारापासून वादकाचा आपल्या सादरीकरणावरचा हक्क वेगळा मानला जातो, चाल कुणाचीही असो. चाल कुणी रचलेली असेल तर तिचा हक्क आणखी वेगळा. साध्या भाषेत एक पान लिहा: मुद्रण कुठे ठेवणार, कोण ऐकणार, इंटरनेटवर टाकणार का, कुठला भाग काढून टाका असं ते नंतर म्हणू शकतात का. ते त्यांना मोठ्या अक्षरांत द्या आणि दोन दिवस घरी ठेवू द्या. मानधनाचा आकडाही त्याच पानावर. ‘आपलंच संग्रहालय आहे’ म्हणून फुकट वाजवून घेऊ नका. आयुष्यभर त्यांनी हेच वाक्य ऐकलेलं असतं.

कुणी म्हणेल, एवढ्या सायासांपेक्षा सभागृह भाड्याने घ्या. सभागृहात तो नकाशा, ते छायाचित्र आणि तो चिमटा नसतो. आणि रिकाम्या भिंतींतही संग्रहालयाचं हे काम चालतं. ऑक्टोबर १९३९ मध्ये युद्धामुळे लंडनच्या नॅशनल गॅलरीतली चित्रं सुरक्षित जागी हलवली होती. पियानोवादक मायरा हेस यांनी त्या ओक्याबोक्या दालनांत दुपारच्या मैफली सुरू केल्या. पहिल्या दिवशी लोक येतील की नाही या शंकेने त्या स्वतःच वाजवायला बसल्या. बाहेर रांग लागली. १९४६ पर्यंत १६९८ मैफली झाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आर्द्रतेच्या नोंदी पाहा, कपाटांतल्या वस्तू जागच्या जागी आहेत का ते कार्यक्रमाआधी काढलेल्या छायाचित्रांशी ताडून घ्या, कापडं काढा. आणि आठवड्याच्या आत मुद्रण घेऊन त्यांच्या घरी जा. चांगले हेडफोन न्या, कारण वरचे सूर त्यांना स्पीकरवर ऐकू येणार नाहीत. शेजारी बसून ऐका. मध्येच ते थांबवतील आणि म्हणतील की ही चाल आपली नव्हे, अमक्याकडून उचललेली. तेव्हा वही उघडी असू द्या.